नवव्या प्रकरणातली मुकी आई

वुंडाबी
६ मार्च २००४

प्रिय फ्रॅनी,

तुझं पत्र आणि ती सोनेरी कडांची निमंत्रणपत्रिका, दोन्ही मिळालं. पोस्टातल्या मिसेस ल्यूकसनी पाकीट माझ्या हातात देण्याआधी चांगलं उलटंसुलटं करून पाहिलं. "सिडनीहून आलंय. तिचंच ना गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हीच उघडून वाचून दाखवा की." हसल्या, पण पाकीट काही हातातून सुटेना.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता चष्म्याशिवाय लिहितेस म्हणजे मजा आहे. इकडे आम्ही जसे असतो तसे आहोत. पाऊस नाही. नदी इतकी खाली गेलीय की पोरं चालत पलीकडे जातात आणि उरलेल्या डबक्यांत मासे दाटीवाटीने बसलेत, त्यामुळे महिनाभर आमच्याकडे मासे आणि राखेतली भाकरी, नाहीतर राखेतली भाकरी आणि मासे. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. डावा अजून सोसतोय.

समारंभाचं वाचलं. जुनं हॉस्पिटल पाडणार पाडणार म्हणत होते, त्याचं संग्रहालय होतंय आणि तेही तुझ्या पुस्तकामुळे, याचं गावाला केवढं कौतुक. बेकरीवाल्याने तुझ्या पुस्तकाच्या नावाचा केक काढलाय, बेदाणे जरा कमीच घालतो. प्रवेशद्वारात तुझ्या वडिलांची पितळी पाटी, आतल्या वॉर्डाच्या दाराला माझ्या थोरल्या बहिणीचं नाव, मंचावर तुझ्या शेजारची खुर्ची माझी आणि फीतही मीच कापायची. एवढा मान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. पण गुडघ्याचं तुला सांगितलंच. मंचाच्या पायऱ्या मला जमायच्या नाहीत. तेव्हा त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसव.

आणि एक बारीकसं. दाराला ताईचं नाव नको. दुसरं काहीही द्या, एखाद्या झाडाचं द्या, नदीचं द्या. कमिटीला तू सांगितलंस तर ऐकतील. माझं कोण ऐकतंय.

टार्नीबद्दल विचारलं होतंस. लेक खाणीवर कामाला आहे, म्हणून नात माझ्याकडेच असते. आता अकरावीत गेली. फुटबॉल खेळते आणि उलट उत्तरं देते, दोन्हींत पटाईत. यंदा त्यांना तुझंच पुस्तक लावलंय. वर्गात प्रत्येकाने उभं राहून एकेक पान मोठ्याने वाचायचं, असा त्यांच्या सरांचा नियम. टार्नीच्या वाट्याला नेमकं नवव्या प्रकरणाच्या मधलं पान आलं आणि पहिल्याच ओळीत ताईचं नाव. पोरगी नुसती उभी राहिली. सर म्हणाले, "वाच." ती गप्प. "अक्षर लागत नाही का?" वर्ग हसला. ती गप्पच. शेवटी तिला बाहेर काढलं आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "मुलगी फार हट्टी आहे हो," म्हणाले. मी म्हटलं, "हो, ते आमच्याकडे पिढीजात आहे."

सर सिडनीकडचे आहेत, तरुण, मनाने वाईट नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, की आम्हा इथल्या मूळच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. ते ओशाळले, मला चहा दिला आणि मग जरा विचार करून म्हणाले, "पण मिसेस डॉसन, नाव तर लेखिकेनेच घातलंय. त्या इथेच वाढल्या. त्यांना हे माहीत असणार ना?" मी आणखी एक कप मागितला. चहा चांगला होता.

बाकी सगळं ठीक. डोळ्यांना जप, लगेच फार लिहू नकोस.

तुझी
डल्सी

ता. क. तुझं पुस्तक मी वाचलं. आत्ता, पहिल्यांदाच.


वुंडाबी
२ एप्रिल २००४

फ्रॅनी,

तुझं उत्तर आलं. दोन पानं नुसती माझ्या गुडघ्यावर. गाडी पाठवते, मंचाला उतार करून घेते, सिडनीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवते. माझ्या गुडघ्याची एवढी काळजी माझ्या नवऱ्यानेही कधी केली नाही. मग शेवटी, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात पुस्तकाचं. 'कादंबरी म्हणजे साक्ष नव्हे, डल्स. त्यातले डॉक्टर म्हणजे माझे वडील नव्हेत, ते जसे असायला हवे होते तसे एक गृहस्थ आहेत. आणि नाव मी प्रेमाने ठेवलं, ती विसरली जाऊ नये म्हणून.'

माझा गुडघा ठीक आहे. काल मी नदीपर्यंत चालत जाऊन आले. आता त्याला मध्ये घालायचं बंद करते.

इतकी वर्षं मी पुस्तक का वाचलं नाही, ते आधी सांगते. पुस्तक निघालं तेव्हा तू आईला एक प्रत पाठवली होतीस. तिला वाचता येत नव्हतं, पण दुकानात कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, तू पुस्तकात आलीस की." त्या दिवशी ती केस विंचरून, चर्चला जायचा झगा घालून संध्याकाळपर्यंत अंगणात बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून. मग पुस्तक चांगल्या टेबलक्लॉथात गुंडाळून बायबलशेजारी ठेवलं. मी वाचायला मागितलं तर म्हणाली, "तुला कशाला वाचायला हवं? तू तर होतीस तिथे." फ्रॅनीने जे पाहिलं ते फ्रॅनीने लिहिलं, असं ती मरेपर्यंत धरून होती. मी देवाचे आभार फारसे मानत नाही, पण तिला ते कुणी वाचून दाखवलं नाही याबद्दल मानते.

मग टार्नीचं ते प्रकरण झालं आणि मी गुंडाळी सोडली.

मुकी. तू माझ्या आईला मुकी केलंस.

माझी आई, फ्रॅनी. जिने हाक मारली की पलीकडच्या काठावरच्या मेंढ्या माना वर करायच्या. जी तुला स्वयंपाकाच्या दारातून ओरडायची, "ए गोरे पोरी, पाय धू आणि मग भाकरीला हात लाव," आणि तू पाय न धुताच भाकरी पळवायचीस. ती नवव्या प्रकरणात भिंतीला टेकून बसते, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि तोंडातून शब्द नाही. सरांनी प्रश्न काढला होता, 'मूक आई हे कशाचे प्रतीक आहे?' टार्नीने लिहिलं, 'कशाचंच नाही. ती माझी पणजी होती आणि ती मुकी नव्हती.' गुण मिळाले शून्य. शेरा, 'उत्तराला पुस्तकात आधार नाही.'

आपण कशाला अडाणी राहायचं, म्हणून मी सरांकडून सगळं समजून घेतलं. पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा म्हणजे पुढच्या मरणाची चाहूल. अगं, तो कावळा रोज तिथेच असायचा, स्वयंपाकघरातून मटणाची हाडं तिथेच टाकायचे. तूच त्याला दगड मारायचीस. हॉस्पिटलचं दार म्हणजे गावाचं मन. बरं, असेल. आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या टेनिसच्या कपड्यांवर पडलेला रक्ताचा डाग म्हणजे साऱ्या गावाचं पाप एका भल्या माणसाने आपल्या अंगावर घेतलं. इथे मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडली. पुढच्या थंडीपर्यंत पुरतील.

आपण दोघी त्या टाकीखाली बसलो होतो. व्हरांडाही दिसत होता आणि दारही. काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. कुठेतरी एकदा ते तसंच लिहिलेलं असावं.

जुलैतला, ऐन थंडीतला रविवार होता, भेटायची वेळ, अर्धं गाव हॉस्पिटलच्या अंगणात. ताईला मागच्या व्हरांड्यात ठेवलं होतं, आम्हा काळ्यांना जिथे ठेवायचे तिथे. कॅनव्हासचे पडदे आणि खालून घुसणारं वारं. बाळ जन्मतानाच गेलं होतं आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. आतल्या वॉर्डात शेगडी पेटलेली आणि खाटा रिकाम्या. आईने मेट्रनला विचारलं, हात जोडून विचारलं, नाही म्हणाली. मग आई वाकली, ताईला पाठुंगळी घेतलं आणि पुढच्या दारातून, हॅट घातलेल्या बायांच्या घोळक्यातून सरळ आत शिरली. रिकाम्या खाटेवर तिला निजवलं, पांघरूण घातलं आणि स्वतः दारात फतकल मारून बसली. काय ओरडत होती ते तुला आठवत नाही असं मला सांगू नकोस. "हिला हलवायचं तर आधी मला हलवा. आणि मी जड आहे." दोघंतिघं हसलेसुद्धा.

तुझे वडील टेनिस कोर्टावरून आले, हातात रॅकेट तशीच. ते तिला वाईट बोलले नाहीत. कुणालाच ते कधी वाईट बोलायचे नाहीत. "बाई, तमाशा नको. बोर्डाचा नियम आहे, माझे हात बांधलेले आहेत." आई म्हणाली, "बांधलेल्या हातात रॅकेट बरी राहते हो." मग त्यांनी फोन केला. हवालदार आला, वॉर्डबॉय आला. आई खरंच जड होती, दोघांना ओढता येईना, तिसरा बोलवावा लागला. ताईला खाटेसकट परत बाहेर नेलं. डॉक्टर दाराला टेकून उभे होते. त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांच्या कपड्यांवर एक डाग नव्हता, फ्रॅनी. मी तेवढंच बघत राहिले होते, कपडे इतके पांढरे कसे राहतात म्हणून. दिवस मावळायच्या आत ताई गेली.

चांगला बाप तुला हवा होता. कुणाला नको असतो? ते मला कळतं. पण त्यांना चांगलं करायला तू माझ्या आईची पाठ घेतलीस. तिने उचललेलं ओझं त्यांच्या हातांवर ठेवलंस. आणि ती बोलली असती तर त्या पानावर त्यांना उभं राहायला जागा उरली नसती, म्हणून तिची जीभ काढून टाकलीस. कादंबरी म्हणजे साक्ष नव्हे म्हणतेस, मग ती पितळेत का कोरताय? पाटीवरचा मजकूर मला टार्नीने वाचून दाखवला. 'या दारातून डॉक्टर किंकेड यांनी माणुसकी आत नेली.' पितळेवर कादंबरी असं कुठे लिहिलेलं नाही.

आता नावाचं. आम्ही नाव घेत नाही ते विसरायचं म्हणून नाही. गेलेल्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं, सारखं हाका मारून मागे ओढायचं नाही, म्हणून. कुणी वर्षभराने पुन्हा घेतात, कुणी आणखी उशिरा. आईने ताईचं कधीच घेतलं नाही, म्हणून आमच्या घरात ते कुणीच घेत नाही. हे मी तुला शिकवायला हवं का? त्याच वर्षी आपल्याला नव्या बाई आल्या आणि त्यांचं नाव नेमकं तेच निघालं. सगळा वर्ग नावासकट नमस्कार करायचा, मी नुसतं 'मिस' म्हणायची. बाईंना वाटलं उद्धट आहे. पट्टी काढली. आणि तू उठलीस. अकरा वर्षांची, आणि म्हणालीस, "मिस, तिची बहीण वारलीय, त्यांच्यात नाव घेत नाहीत. मारायचंच असेल तर मलाही मारा, मी पण नाही घेणार." दोघींनी मार खाल्ला. वर्ष संपेपर्यंत तूही 'मिस' एवढंच म्हणालीस.

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी कुणाशीही भांडले असते. भांडलेही. आमचे लोक म्हणायचे, "गोरी ती, डॉक्टरची पोर, वेळ आली की आपल्या माणसांकडे जाईल." मी म्हणायची, फ्रॅनी वेगळी आहे. इतकी वर्षं म्हणत आले. दुसऱ्या कुणी हे पुस्तक लिहिलं असतं तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. तुला मी साध्या शिव्याही देऊ शकत नाही, हेच मला जास्त लागलंय.

गावाचं ऐक. मिसेस ल्यूकस त्या रविवारी अंगणात होत्या, निळी हॅट घालून. आता बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना पोस्टाच्या खिडकीतून सांगतात, "मी या डोळ्यांनी पाहिलंय, डॉक्टरांनी तिला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं." खोटं बोलत नाहीत त्या, त्यांना तसंच आठवतं. मी परवा म्हटलं, "मिसेस ल्यूकस, माझ्या आईने नेलं तिला. ओरडत नेलं." त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "नाही गं बाई. तुझी आई बिचारी मुकी होती." फ्रॅनी, कोंबड्यांवरून या बाई माझ्या आईशी कित्येक वर्षं कडाकडा भांडल्यात.

तर मी येईन. मंचावर नाही, मागे उभी राहीन. तुझ्याकडे दोन गोष्टी मागते. तिला कोणी उचललं होतं, ते त्या दारात उभी राहून एकदा सांग. तू सांगितलंस तर गाव ऐकेल, मी सांगितलं तर त्याला पुस्तकात आधार नाही. आणि नाव घेऊ नकोस. छापलेलं परत घेता येत नाही, निदान तोंडाने घेऊ नकोस. वडिलांची पाटी हवी तर राहू दे.

वाट बघते.

डल्सी


वुंडाबी
१७ मे २००४

फ्रान्सिस,

तुला मंचावरून काय दिसलं ते मला माहीत नाही. मागच्या भिंतीजवळून जे दिसलं ते लिहिते.

वॉर्डाच्या दाराला ताईचं नाव नव्हतं. नुसतं कोरं दार, ताजा हिरवा रंग. ते तुझ्यामुळे झालं हे मला कमिटीकडून कळलं. तुझं उत्तर आलं नव्हतं, पण ते दार पाहिलं आणि मला वाटलं, चला, पत्र पोचलंय. वस्तीवरच्या आमच्या म्हाताऱ्या आल्या होत्या, सगळ्यांनी चांगल्या हॅट घातलेल्या. आमची क्लॅरा मावशी आजारातून उठून आली होती. मी तिला सांगितलं होतं, "आज फ्रॅनी खरं सांगणार आहे." ती म्हणाली, "सांगितलं तर मी तिला केक खाऊ घालीन, बेकरीतला नाही, माझ्या हातचा." टार्नी माझ्या शेजारी होती. तिचा वर्ग सगळ्यांत पुढे, सरांनी इस्त्रीच्या गणवेशात आणून बसवलेला.

महापौर बोलले, लांबलं. मग तू उठलीस. खूप टाळ्या. तू म्हणालीस, "बोलण्याआधी मी थोडं वाचते." मी टार्नीचा हात धरला. मनात म्हटलं, वाचू दे, वाचून झालं की सांगेल.

नववं प्रकरण काढलंस. रविवार आला, कावळा आला, मुकी आई आली. डॉक्टर टेनिस कोर्टावरून आले आणि व्हरांड्याकडे धावले. डॉक्टरांनी तिला उचललं. क्लॅरा मावशी चांगली मोठ्याने म्हणाली, "कोणी उचललं म्हणे?" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. टार्नीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "थांब गं, पुढे सांगणार आहे ती."

मग ते वाक्य आलं. डॉक्टर तिच्या कानाशी वाकतात आणि तिला नावाने हाक मारतात.

तू थांबलीस.

मी पाहिलं तुला थांबताना. पानावरची नजर काढलीस आणि थेट मागे, माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, झालं, आता पुस्तक मिटेल आणि बोलेल. माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात कुणा गोऱ्या माणसाने आमच्यासाठी एवढा वेळ तोंड बंद ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यापुरतं मी तुला सगळं माफ केलं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

पण पुढे बसलेल्या पोरांना वाटलं, तुझी ओळ चुकली. परीक्षेसाठी त्यांनी तो उतारा पाठ केलाय. आधी एका मुलीने हळूच सुचवलं. तू बोलली नाहीस, तेव्हा तिच्या शेजारच्याने जरा मोठ्याने सुचवलं. मग सगळ्या वर्गाने एका सुरात, हसतमुखाने, म्हाताऱ्या बाईंना मदत करावी म्हणून, ताईचं नाव म्हटलं. वर छत उंच आहे, ते घुमलं. टार्नीने माझ्या कानांवर हात ठेवले, पण तोवर उशीर झाला होता.

मुलांचा काही दोष नाही. त्यांच्यासाठी ते पुस्तकातलं नाव आहे. ते कुणाच्या ताईचं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंय?

क्लॅरा मावशी रडायला लागली, आमच्या पद्धतीने, मोठ्याने. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. लोकांना वाटलं, तुझ्या वाचनाने त्यांना भरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तरीही वेळ गेली नव्हती. नाव गेलं होतं, पण दुसरी गोष्ट तुझ्याच हातात होती. 'थांबा मुलांनो' एवढं म्हणाली असतीस तरी पुढचं आपोआप आलं असतं. तू मुलांकडे पाहून हसलीस. "थँक यू," म्हणालीस. आणि पुढचं वाक्य वाचलंस.

आम्ही बाहेर पडलो. तू नंतर मला शोधत होतीस असं ऐकलं. तोवर आम्ही नदीकाठी पोचलो होतो, मावशीला धरून धरून. घरी आल्यावर टार्नीने चहा ठेवला आणि विचारलं, "आजी, ही तुझी मैत्रीण होती ना?" मी म्हटलं, हो. "मग त्या दिवशी वर्गात ती उठली होती, ते खरं होतं का? की तेही तिच्या पुस्तकातलं?" फ्रान्सिस, मी तिथे होते, मी शेजारी उभी राहून मार खाल्ला, तरी मला मनात तपासून बघावं लागलं. तू माझ्याकडून एवढंही काढून घेतलंस.

काल सर घरी आले. त्यांना सगळं कळलं होतं, चेहरा उतरला होता. टार्नीला म्हणाले, "वर्गात येऊन तू सांगशील का, खरं काय झालं ते?" ती म्हणाली, "पुस्तकात आधार नाही, सर." पण उद्या जाणार आहे. मी ओळखते तिला. तिच्या पणजीचा आवाज आहे तिला, वर्गाच्या भिंती त्याला पुरणार नाहीत.

तू आईला पाठवलेली प्रत यासोबत परत पाठवते. टेबलक्लॉथ ठेवून घेतलाय, तो आमचा आहे.

महापौरांच्या भाषणात ऐकलं, आता तू तुझ्या बालपणावर लिहितेयस. वुंडाबी, नदी आणि एक मैत्री. ती मैत्री कुणाची, हे विचारायची गरज नाही. माझं वय झालंय. मी गेल्यावर लेक माझं नाव घेणार नाही, टार्नी घेणार नाही, वस्तीवरचं कुणी घेणार नाही. तुला हे माहीत आहे. आणि तू ते घेशील, हे आता मला माहीत आहे. प्रेमानेच घेशील. मी विसरली जाऊ नये म्हणून.

तेव्हा मी जिवंत असताना, शुद्धीत, सांगते की ते तुला दिलेलं नाही. या पत्राखालीही मी ते लिहीत नाही. पत्र कुणाचं आहे ते तुला कळेल.

जिने तिला पाठीवर उचलून आत नेलं,
तिची धाकटी मुलगी